कच्च्या टाक्यावरची डावी बाही

आधीच सांगून ठेवतो, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. मी आठवीत शाळा सोडली. (शाळेचं म्हणणं वेगळं आहे, पण तो विषय नको.) ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मला कधी कळलं नाही. कापड उभं कुठे आणि आडवं कुठे, एवढंच कळतं. शब्दही साधेच आहेत, कारण जड शब्द वापरायला गेलो की माझा मीच घसरतो. तेव्हा चुका दिसल्या तर पोटात घाला. (दुरुस्त करून पत्राने पाठवू नका. घरी आलेलं प्रत्येक पत्र बाबा मोठ्याने वाचतात.)

लिहायचं कारण असं, की ताईच्या लग्नात जे झालं ते आता जो तो आपल्या मनाने सांगतोय. ताईच्या हॉस्पिटलात सांगतात की कोट फाटला. भाऊजींच्या कारखान्यात सांगतात की मारामारी झाली. कोट फाटला नाही आणि मारामारी तर अजिबात झाली नाही. झालं ते एवढंच, की एका दुपारी मी ठरवलं, डावी बाही आज पक्की करायची नाही. उद्या बघू.

एवढासा निर्णय. पण त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

आमचं शिवणकामाचं दुकान आहे. पुढे काच, आत दोन मशिनं, एक कापायचं टेबल आणि पडद्यामागे आरसा. बाबा कोट शिवतात. मी बाकीचं शिवतो, म्हणजे पँटा आखूड करणे, काजं करणे, चेन बदलणे. ताई मला टाचणी म्हणते. एक तर मी अंगाने तसाच आहे, आणि दुसरं म्हणजे काम करताना माझ्या तोंडात कायम टाचण्या असतात. शिंप्यांना ती सवयच असते. पण माझं एक गुपित सांगतो. तोंडात टाचण्या असल्या की बोलावं लागत नाही. गिऱ्हाईक काहीही म्हणालं तरी नुसतं 'हं' करायचं. हातात काम नसलं तरी मी दोन-चार टाचण्या ओठांत धरून ठेवतो. कोण कधी येईल सांगता येत नाही.

तर ताईचं लग्न ठरलं. ताई नर्स आहे, भाऊजी कारखान्यात फोरमन. गाजावाजा नको, हॉलवर जमायचं, सह्या करायच्या, एकाने दोन शब्द बोलायचे आणि जेवायचं, असं दोघांचं ठरलं. इथवर सगळं सरळ होतं. पण ताईने मला सांगितलं की व्यवस्था सगळी तू बघायची, आणि त्याच दिवशी भाऊजींनी त्यांच्या जिवलग मित्राला सांगितलं की व्यवस्था सगळी तुझ्याकडे. आपण कुणाला काय सांगितलं हे एकमेकांना सांगायचं मात्र दोघंही विसरले. (संसाराची तयारी दोघांची पूर्ण झालेली होती, असं म्हणायला हरकत नाही.)

हा मित्र म्हणजे चष्मेवाला. चौकापलीकडे त्याचं चष्म्यांचं दुकान आहे. वय माझ्याइतकंच असेल, फार तर एखाद वर्षाने मोठा. स्वतः चष्मा लावत नाही, त्याला गरज नाही. त्याची नजर म्हणजे विचारू नका.

आमची पहिली भेट हॉलमध्ये झाली. कुठल्या बाजूला किती माणसं बसतील ते बघायला मी सकाळपासून एकट्याने शंभर खुर्च्या मांडल्या होत्या. शेवटची खुर्ची ठेवून घाम पुसतोय तोच दारात एक माणूस येऊन उभा राहिला. त्याने एक डोळा मिटला आणि म्हणाला, "चौथी रांग दीड बोट तिरकी आहे."

ना नमस्कार, ना ओळख. मी खिशातला टेप काढला आणि मोजलं. मला त्याला खोटं पाडायचं होतं. रांग दीड बोट तिरकी होती. तिथून आमचं बिनसलं. खोटं बोलणाऱ्या माणसाला माफ करता येतं, पण असल्या माणसाचं काय करायचं?

पुढचे आठ दिवस आम्ही दोघांनीही व्यवस्था बघितली. मी माईकवाला सांगितला, त्यानेही सांगितला. मी फुलं सांगितली, त्यानेही सांगितली. जेवणाची टेबलं भिंतीला लावायची की मध्ये, यावर आम्ही एक अख्खी दुपार घालवली. शेवटी हॉलच्या मॅनेजरने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, की लग्नं नक्की किती आहेत.

सगळ्यात मोठं भांडण त्या दोन शब्दांवरून झालं. सह्या झाल्यावर बोलायचं कोणी? तो म्हणाला मी बोलणार, मी म्हणालो मी. खरं सांगायचं तर मला बोलायचं नव्हतंच. चार माणसांसमोर उभं राहिलो की माझ्या गुडघ्यांतून दोरा निघून जातो. पण त्याने बोलू नये, असं मात्र मला मनापासून वाटत होतं. ताई आणि भाऊजींकडे निवाडा मागितला तर ते म्हणाले, तुमचं तुम्ही बघा, आम्हाला लग्न करायचंय.

अशात बाबांनी जाहीर केलं, की जावयाचा कोट आपल्या दुकानातून, आणि जावयाच्या मित्राचाही. जावयाचा ते स्वतः शिवणार. मित्राचा मी.

माझा पहिला कोट. आठ वर्षं मी ज्या दिवसाची वाट बघत होतो तो दिवस, आणि तो कोट कुणाच्या अंगावर जाणार, तर त्याच्या.

तो मापाला आला. मी खबरदारी म्हणून तोंडात सात टाचण्या धरल्या. खांदा झाला, पाठ झाली, बाही झाली. मग छाती आली. छातीचं माप घ्यायचं म्हणजे टेप पाठीमागून फिरवून पुढे आणावा लागतो. क्षणभर का होईना, मिठीच ती. बाबांच्या कोटांसाठी मी शेकडो लोकांच्या छात्या मापल्या आहेत, वाण्याची, पोस्टमनची, एकदा तर एका कुस्तीगिराची. कधी काही वाटलं नाही. त्या दिवशी टेप हातातून सुटला. पुन्हा घेतला, पुन्हा सुटला. त्याच्या शर्टाला साबणाचा वास होता आणि तो अगदी स्थिर उभा होता. तिसऱ्यांदा मी टेप लावलाच नाही, अंदाजाने एक आकडा वहीत लिहिला आणि 'हं' केलं.

संध्याकाळी बाबांनी वही बघितली. या मापाचा माणूस जिवंत असेल का, असं त्यांनी विचारलं. मग त्याला पुन्हा बोलवावं लागलं. मग पुन्हा.

इथे एक गोष्ट सरळच सांगून टाकतो. मला मुली आवडत नाहीत हे मला आठवीपासून माहीत होतं. (ताईला बहुतेक सातवीपासून.) त्याबद्दल घरात कुणी कधी काही बोललं नव्हतं. मी बोलायचो नाही कारण माझ्या तोंडात टाचण्या असायच्या, आणि बाबा बोलायचे नाहीत कारण ते बाबा आहेत. पण माझा समज असा, की कोणी आवडलं की माणूस खूश होतो. मी तर दिवसभर चिडलेला असायचो. त्यामुळे मला बराच काळ काही कळलंच नाही.

कोट कापला, जोडला, ट्रायल सुरू झाल्या. पहिल्या ट्रायलला तो म्हणाला कॉलर डावीकडे पाव बोट उंच आहे. मी उसवली, पुन्हा लावली. दुसऱ्या ट्रायलला म्हणाला खिशाची झाकणं एका रेषेत नाहीत. तिसऱ्या ट्रायलला उजव्या खांद्यावर एक सुरकुती निघाली, कुठून आली देव जाणे, मी पहाटे उठून इस्त्री केली होती. प्रत्येक वेळी तो आरशासमोर उभा राहायचा, एक डोळा मिटायचा, आणि मला घाम फुटायचा.

मात्र ट्रायल झाल्यावर तो लगेच जायचा नाही. चहा घ्यायचा, स्टुलावर बसायचा. बोलायचा तोच. मी 'हं' करायचो. एकदा बोलता बोलता त्याने आमची बटणांची बरणी टेबलावर उपडी केली आणि सगळी बटणं आकाराप्रमाणे, रंगाप्रमाणे लावून टाकली. बाबांना तीस वर्षांत ते जमलं नव्हतं. बाबा बरणीकडे बघत राहिले आणि म्हणाले, पोरगा कामाचा आहे. मला त्याचाही राग आला. (नक्की कशाचा, ते विचारू नका.)

घरी येऊन मी ताईला सगळं सांगायचो. आज तो असं म्हणाला, आज त्याने हे केलं, चहात साखर किती घातली, डावखुरा आहे म्हणून कप कसा धरतो. ताई कपड्यांच्या घड्या घालत ऐकायची. एका संध्याकाळी तिने घडी तशीच मांडीवर ठेवली.

"टाचणी, तू त्याच्यावर चिडतोस ते कळलं मला," ती म्हणाली. "पण चिडलेला माणूस दुकानात जाताना तीनदा भांग पाडतो का रे?"

तोंडात टाचण्या नव्हत्या. मी नुसतंच 'हं' केलं.

ती पुढे एवढंच म्हणाली, की सांगायचं असेल तेव्हा सांग, मला घाई नाही, फक्त माझ्या लग्नात काही गोंधळ घालू नकोस. मी शपथ घेतली. किती मनापासून घेतली होती, हे आता आठवलं की माझीच मला कीव येते.

पाचवी ट्रायल. त्याने कोट घातला, आरशासमोर उभा राहिला, एक डोळा मिटला. मग दुसरा मिटला. मग दोन्ही उघडे ठेवून बराच वेळ बघत राहिला. आणि हळूच म्हणाला, "झाला की."

कोट खरोखर झाला होता. बाह्या कच्च्या टाक्यावर होत्या, तेवढ्या मशिनवर पक्क्या केल्या, की इस्त्री, पिशवी आणि रामराम. मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट आली, की आता हा कोट घेऊन जाणार, आठवड्याने लग्न होणार, आणि मग या माणसाला आमच्या दुकानात पाऊल टाकायला काहीएक कारण उरणार नाही. कोट काय, माणूस दहा वर्षांत एक शिवतो.

"डावी बाही," मी म्हणालो. (टाचण्यांमधून. दोन खाली पडल्या.) "डाव्या बाहीचं अजून बघायचंय. परवा या."

"परवा कशाला?" तो म्हणाला. "उद्या येतो."

तर हा तो निर्णय. त्या दिवशी मी उजवी बाही पक्की केली आणि डावी तशीच ठेवली. तो दुसऱ्या दिवशी आला, मी बाही उसवली, पुन्हा लावली, परत या म्हणालो. तो परत आला. असं चार वेळा झालं. चार दिवसांत त्या बाहीने जेवढा प्रवास केला तेवढा मी जन्मात केला नसेल.

आता कच्चा टाका म्हणजे काय ते सांगतो. कपडा पक्का शिवण्याआधी तो हाताने लांब लांब टाक्यांनी नुसता अडकवून ठेवतात. आणि हा टाका नेहमी पांढऱ्या दोऱ्याने घालतात, कोट काळा असला तरीही. म्हणजे कुणालाही लांबून दिसावं, की काम व्हायचंय. हे शिंप्याच्या धंद्यातलं पहिलं अक्षर आहे. पण बाबा येता-जाता कोटाकडे बघायचे. डाव्या बाहीवर पांढरा दोरा चार दिवस दिसला असता तर त्यांनी विचारलं असतं, आणि मी काय सांगितलं असतं? म्हणून मी कच्चा टाका काळ्या दोऱ्याने घातला. अगदी बारीक, सफाईने. कुणाला संशय यायला नको.

कुणालाही आला नाही. तीच तर भानगड झाली.

लग्नाच्या दिवशी मी सकाळी सातलाच हॉलवर गेलो. कोट दुकानात खुंटीवर होता. माझा बेत असा, की नऊला परत जायचं, बाही मशिनवर दहा मिनिटांत पक्की करायची आणि कोट त्याला नेऊन द्यायचा. (शेवटची भेट म्हणून मी भांगही पाडला होता.) पण नऊला दोन्ही फुलवाले एकदम आले आणि दोन्ही माईकवाले एकमेकांच्या वायरींत अडकले. त्यांना सोडवेपर्यंत दहा वाजले. आणि दहाला बाबा जावयाचा कोट घेऊन भाऊजींच्या खोलीवर गेले. जाता जाता त्यांनी खुंटीवरचा दुसरा कोटही बघितला. पांढरा दोरा कुठे दिसेना. म्हणजे झालेलाच आहे. त्यांनी त्याला छान इस्त्री केली आणि चष्मेवाला तिथेच असणार म्हणून बरोबर नेला.

साडेदहाला चष्मेवाला हॉलच्या दारातून आत आला. काळा कोट घालून. कोट असा बसला होता, की मी क्षणभर सगळं विसरलो. आणि मग मला डावी बाही दिसली.

ती चार टाचण्यांच्या ताकदीच्या दोऱ्यावर लटकत होती. हात खाली असेपर्यंत ठीक. हात वर गेला, की संपलं.

त्याने आल्या आल्या खुर्ची उचलायला हात घातला. मी धावलो आणि खुर्ची त्याच्या हातातून काढून घेतली.

"ही रांग सरळ करतोय," तो म्हणाला.

"मी करतो. तुम्ही म्हणाल तशी करतो. तुम्ही नुसतं सांगा."

त्याने माझ्याकडे संशयाने बघितलं. महिनाभर मी त्याला एक खुर्ची हलवू दिली नव्हती. मग तो खिडकी उघडायला गेला, ती मी उघडली. त्याने वरच्या माळेकडे हात केला, मी तो हात धरून खाली आणला. लांबून कुणीतरी ओळखीचं दिसलं आणि त्याने हात हलवायला सुरुवात केली, तर मी मध्ये उभा राहून त्याच्या वतीने हात हलवला. त्या गृहस्थांना मी ओळखत नव्हतो. टेबलं त्याला हवी तशी भिंतीला लावली. फुलं त्याने सांगितलेली ठेवली, माझी परत पाठवली. लोक बघत होते. भाऊजींच्या एका मावशीने विचारलं म्हणे, की तो बारका मुलगा त्याच्या हाताला का लटकलाय.

शेवटी मी धीर केला आणि म्हणालो, "कोट काढा."

"का?"

"गरम होतंय."

"मला नाही होत."

"होईल."

तो थांबला. चेहरा उतरला त्याचा. कोट शोभत नाही का, असं त्याने विचारलं, आणि इतक्या हळू आवाजात विचारलं, की मला खोटंही बोलता येईना. मी म्हणालो, शोभतो. फार शोभतो. मग काढू कशाला, तो म्हणाला. यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते सांगायचं तर बाही कच्ची का ठेवली तेही सांगावं लागलं असतं. मी 'हं' केलं.

सह्या झाल्या. ताई सुंदर दिसत होती. मी सही बघितली नाही, बाही बघत होतो. आणि मग मॅनेजरने माईक पुढे केला आणि माझ्या लक्षात आलं, की ते दोन शब्द अजून बाकी आहेत, आणि हा माणूस डावखुरा आहे.

"मी बोलतो," मी म्हणालो. माझं मलाच खरं वाटेना.

"नको, मी बोलतो," तो म्हणाला. मग जवळ येऊन कुजबुजला, "तुमच्या ताईने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तुम्हाला माणसांसमोर घाम फुटतो म्हणून. तेव्हापासून मी भांडतोय. तुम्हाला बोलायला लागू नये म्हणून. तुम्ही काही सोडतच नव्हता."

महिनाभर मी ज्याच्याशी भांडत होतो तो माझ्याच बाजूने भांडत होता. हे समजून घ्यायला मला जेवढा वेळ लागला, तेवढ्या वेळात तो माईकपाशी पोचला.

बोलला छान. मोजकं, साधं. आणि शेवटी, "आता या दोघांकडे बघा," असं म्हणून त्याने डावा हात ताई आणि भाऊजींकडे उंच केला.

आवाज फार झाला नाही. टरटर नाही की काही नाही. टाका सफाईने घातलेला होता, सफाईने सुटला. बाही खांद्यावरून निघाली, हातावरून घसरत मनगटापाशी आली आणि तिथे लोंबत राहिली. आत त्याचा पांढरा शर्ट. मागच्या रांगेत कुणीतरी फुसकन हसलं, आणि मग सगळेच.

मी बाबांकडे बघितलं. ते हसत नव्हते. पहिल्या रांगेत ते उभे राहिले होते आणि त्यांचा चेहरा कापडासारखा पांढरा पडला होता. कोट कुठल्या दुकानातला हे हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं.

मी धावलो. माझ्या कॉलरला टाचण्या असतातच, त्या तोंडात धरल्या आणि माईकसमोर, सगळ्यांसमोर, त्याची बाही खांद्याला टोचायला लागलो. घाईघाईत एक टाचणी त्याला लागली.

"हे कसं झालं?" बाबांनी विचारलं. आपण लग्नात आहोत हे ते विसरले होते. "पक्की केली नव्हतीस?"

मी मान हलवली.

"मग मला पांढरा दोरा का नाही दिसला?"

आता 'हं' करून भागणार नव्हतं. मी तोंडातल्या टाचण्या एक एक करून काढल्या आणि त्याच्या कोटाच्या छातीवर एका ओळीत खोचल्या. सहा होत्या. सहा टाचण्या काढायला किती वेळ लागतो, हे मला त्या दिवशी कळलं.

"बाबांची चूक नाही," मी माईकमध्ये म्हणालो. "दुकानाचीही नाही. मी काळा दोरा घातला. मुद्दाम. कोट झाला असता तर हे पुन्हा दुकानात आले नसते."

हसणं थांबलं. ताईने भाऊजींचा हात घट्ट धरलेला मला दिसला. चष्मेवाल्याकडे बघायची हिंमत मला होईना, म्हणून मी बाहीकडे बघत राहिलो.

तेवढ्यात तो माईककडे वाकला. "तिसऱ्या ट्रायलची ती खांद्यावरची सुरकुती," तो म्हणाला. "ती कोटात नव्हती. मीच खांदा उचलून धरला होता."

मला आधी कळलंच नाही. मी मनात ती सुरकुती आठवत होतो. मग कळलं. ताई तिथे नवरीच्या वेषात दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होती आणि रडत होती. भाऊजी नुसते मान हलवत म्हणाले, की यांना व्यवस्था सांगितली होती.

पण मी बाबांची वाट बघत होतो. बाबा सावकाश पुढे आले. बाही हातात घेतली, उलटी केली, टाका बोटाने चाचपला. सगळा हॉल त्यांच्याकडे बघत होता.

"कच्चा टाका काळ्या दोऱ्याने?" ते म्हणाले. "हे शिकवलं मी तुला?"

"नाही, बाबा."

"लोक काय म्हणतील?" ते म्हणाले. मग चष्मेवाल्याकडे वळून त्याला वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं, जसं ते नवं कापड बघतात. "बाकी कोट बरा बसलाय. जा, आतल्या खोलीत नेऊन शिवून दे त्याला. आणि आधी पांढरा दोरा घाल."

आतल्या खोलीत मी बाही लावली. कोट त्याने अंगातून काढला नाही, म्हणाला असाच शिव. मला 'अरे-तुरे' केल्याचं त्याच्या उशिरा लक्षात आलं, आणि माझ्या तर शिवून झाल्यावर. मी विचारलं, दुखलं का मघाशी टाचणी लागली तेव्हा? तो म्हणाला, थोडंसं. मग म्हणाला, "आज तोंडात एकही नाहीये."

खरंच नव्हती. त्याने दुसऱ्या हाताने माझा हात धरला, सुईसकट, आणि सोडला नाही. बाहेर जेवणाची टेबलं भिंतीला लावल्यामुळे लोक एकमेकांवर आपटत होते. (मध्येच लावायला हवी होती. मी म्हणालोच होतो.)

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो आणि माझ्या लक्षात आलं, की आता कोट खरोखरच झाला आहे. मग मी विचार केला, त्याला येता येत नसेल तर मला जाता येईल. मी स्वतः शिवलेला निळा शर्ट घातला, माझा सगळ्यात चांगला, आणि बाबांना म्हणालो डोळे तपासून येतो. बाबा वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले, तपासच.

त्याने दुकान नुकतंच उघडलं होतं. मला बघून हसला. मी सांगितलं, की डोळे तपासायचेत. त्याला वाटलं ते निमित्त आहे, आणि मलाही तसंच वाटत होतं. त्याने मला खुर्चीत बसवलं, नाकावर ती जड गोल फ्रेम चढवली आणि समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली. मी वाचली, मला दिसली तशी. तो जरा गंभीर झाला. जवळची वाचायला दिली, तीही मी वाचली. तो आणखी गंभीर झाला. एक काच बदलली, दुसरी बदलली.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "सुरकुती मी केली होती. पण कॉलर खरंच पाव बोट उंच होती. आणि खिशाची झाकणंही."

मग त्याने शेवटची काच बसवली आणि माझ्यापुढे आरसा धरला. आधी मी स्वतःला बघितलं, मग शर्ट. खिसा तिरका होता. थोडाथोडका नाही, चांगला दोन बोटं.

"हे तुला कधीपासून दिसतंय?" मी विचारलं.

"हॉलमध्ये भेटलास तेव्हाही हाच घातला होतास," तो म्हणाला. "पण म्हटलं, पहिल्याच भेटीत किती बोलायचं."